आप्पा म्हणाले "मुंबई राज्य" : म्हातारपणातलं विसरणं आणि बेळगाव भागात मदत कुठे मिळते

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं गेले कित्येक दिवस चाललं होतं. घरातलं घरात ठेवावं असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. आता आप्पांचं सगळं माझ्यावर आणि ह्यांच्यावर आहे, आणि कुणाला विचारावं तेच कळेनासं झालंय. म्हणून हा धागा.

आप्पा म्हणजे माझे सासरे, वय ८३. खडेबाजारात एका कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं हिशोब लिहिला. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही. दिवाळीला वह्या बदलायच्या तेव्हा गल्लीतले लोक बेरजा तपासायला त्यांच्याकडे यायचे. पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे.

त्यामुळे पहिली खूण दिसली तेव्हा मला धस्स झालं होतं. दूधवाल्याला एका महिन्यात दोनदा पैसे दिले. तो बिचारा चांगला माणूस, स्वतःच येऊन परत देऊन गेला. आप्पा मात्र "मी दिलेच नव्हते" म्हणून त्याच्यावर चिडले. नंतर औषधाच्या गोळ्या दोनदा घेणं, किल्ली तांदळाच्या डब्यात सापडणं, थोरल्या काकांची वाट बघणं सुरू झालं. थोरले काका जाऊन वीस वर्षं झाली. दिवेलागणीला टोपी घालून दाराशी उभे राहतात आणि म्हणतात, "दुकान उघडायला उशीर झाला." एकदा कपिलेश्वराला म्हणून निघाले ते गोवावेसला उभे असलेले एका ओळखीच्या माणसाला दिसले. त्याने स्कूटरवर बसवून घरी आणलं. शहापुरातून कपिलेश्वराला त्यांनी आयुष्यभर चालत जायचं. तीच वाट चुकली.

शेवटी एका दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, कारण डॉक्टर मुलगी मनाने चांगली होती. ती कन्नड आणि इंग्रजीतून विचारत होती. आप्पांना बाजारापुरतं कन्नड उत्तम येतं, पण एक तर कमी ऐकू येतं आणि परक्या जागी ते गांगरतात. तिने तारीख विचारली. आप्पा म्हणाले, "आज एकादशी." त्या दिवशी खरंच एकादशी होती. पण तारीख सांगता आली नाही म्हणून गुण गेला. इंग्रजी शब्द उलटा म्हणायला सांगितला, तो येणार कुठून? मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आप्पा एका दमात म्हणाले, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." तिला मराठी आकडे कळेनात, ह्यांनी मध्ये पडून सांगितले तेव्हा तिने लिहून घेतले.

आणि मग विचारलं, आपण कुठल्या राज्यात आहोत?

आप्पा म्हणाले, "मुंबई राज्य."

तीसपैकी चौदा गुण मिळाले. बाहेर आल्यावर ह्यांचे डोळे भरले होते. मला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय, तो इथं विचारते. हे चौदा खरे धरायचे का? आणि मराठीतून नीट तपासणी होईल अशी जागा आपल्या भागात आहे का? बेंगळुरूला नेणं आता त्यांना झेपणार नाही.

कॅम्पातला_फिजिशियन

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण रोज ओपीडीत बसून मला ह्याच गोष्टीची टोचणी असते.

तुमच्या सासऱ्यांची जी चाचणी झाली ती ३० गुणांची असते. तीत स्थळकाळाचे दहा प्रश्न असतात आणि बाकीचे लक्ष, आठवण, भाषा, चित्र उतरवणे यांवर. चाचणी चांगली आहे, पण ती शिकलेल्या माणसासाठी, आणि ज्या भाषेत विचारली त्या भाषेत रुळलेल्या माणसासाठी चांगली आहे. शाळा कमी झालेली असेल, कानाला कमी ऐकू येत असेल, प्रश्न परक्या भाषेत असेल, तर पाच-सहा गुण असेच जातात. तेव्हा चौदा हा आकडा जसाच्या तसा धरू नका. पण "म्हणजे काही झालेलंच नाही" असाही अर्थ काढू नका. वाट चुकणं, गेलेल्या भावाची वाट बघणं, संध्याकाळी बेचैन होणं या गोष्टी तुम्ही घरात बघितल्यात. त्या कुठल्याही गुणांपेक्षा मोठ्या आहेत.

"मुंबई राज्य" या उत्तराचं सांगतो. सीमाभागात हा प्रश्न विचारणाऱ्याला जपून विचारावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं. नंतर म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. कुणी म्हातारा "महाराष्ट्र" म्हणाला तर ती बहुतेक वेळा त्याची भूमिका असते, आठवणीशी त्याचा संबंध नाही. मी अशा वेळी "बसवर, पाटीवर काय लिहिलेलं असतं?" असं विचारतो आणि लगेच कर्नाटक हे उत्तर येतं. पण "मुंबई राज्य" म्हणणारा माणूस कदाचित खरोखर त्या काळात जाऊन बसलेला असतो. आप्पा ५६ साली चौदा वर्षांचे असणार. स्मृतिभ्रंशात (डिमेन्शियात) अलीकडचं आधी पुसतं आणि लहानपणचं शेवटपर्यंत टिकतं. त्यामुळे ते उत्तर खोडून टाकण्याऐवजी पुढे दोन प्रश्न विचारायला हवे होते.

आता दुसरी, आणि जास्त महत्त्वाची गोष्ट. विसरण्याची काही कारणं अशी असतात की ती सापडली तर माणूस बराच सुधारतो. बी-१२ कमी असणं, विशेषतः शाकाहारी घरात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी उतरतं. थायरॉईड कमी असणं. सोडियम उतरणं, बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी हे होतं. पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठणारं रक्त. झोपेच्या, खाजेच्या, सर्दीच्या काही गोळ्या. आणि उदासीनता, जी जोडीदार गेल्यानंतर म्हाताऱ्या माणसात अगदी विसरभोळेपणासारखी दिसते. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली म्हणालात, म्हणून मुद्दाम लिहिलं. रक्ताच्या तपासण्या आणि डोक्याचा एक स्कॅन, एवढं आधी होऊ दे. हे सगळं बेळगावातच होतं.

एक इशारा. दोन-तीन दिवसांत अचानक माणूस भरकटला, भलतंच बोलू लागला, झोपून राहिला किंवा रात्रभर ओरडू लागला, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना.

तपासणीला जाताना सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, अगदी आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून स्वतः आणलेल्यासुद्धा. चष्मा न्या. एका कागदावर लिहा: शाळा किती झाली, कुठल्या भाषेत, घरात कुठली भाषा, आयुष्यभर काम काय केलं. त्याखाली बदल केव्हापासून दिसले ते महिन्यानिशी. हा कागद डॉक्टरच्या हातात दिलात की पुढची पंधरा मिनिटं वेगळी जातात. आणि स्पष्ट सांगा, मराठीतून विचारा. तो तुमचा हक्क समजा.

येळ्ळूरचा_पावनं

ताई, आमच्या घरात पण आसंच झालं होतं बगा. माझी मावशी. न्हाणीत पाय घसरून पडली, डोक्याला मुका मार. रगत नाही काय नाही, म्हणून कोण लक्षच दिलं नाही. पंधरा दिवसांनी बोलणं आडखळूलालं, चालताना एका अंगाला जायाची, पोराचं नाव इसरली. घरातली मंडळी म्हणाली बाहेरचं हाय. नारळ फिरवला, कोंबडं दिलं, दोन आमवाशा गेल्या. मी मुंबईहून सुट्टीला आलो तवा बगितलं आन दुसऱ्या दिवशी गाडी करून स्कॅनला नेलं. डोक्यात रगत साठलेलं. ऑपरेशन झालं, आन दीड महिन्यात मावशी परत भाकरी थापूलाली.

माझा राग देवावर न्हाई आन देवर्षीवर पण न्हाई. त्यांच्याकडं जावा, मनाला बरं वाटतंय तर. पण आधी स्कॅन करा. त्या दोन आमवाशा मला आजून आठवत्यात.

निपाणी_तंबाखू_अड्डा

वर डॉक्टरसाहेबांनी लिहिलं त्यात भर घालतो. वडिलांना गेली पाच वर्षं हा आजार आहे. कुठं कुठं गेलो ते सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आपल्याकडं लोकांना वाटतं की एक तर गल्लीतला डॉक्टर, नाही तर थेट बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांचं मोठं केंद्रीय हॉस्पिटल. मधलं काही माहीतच नसतं. निम्हान्स उत्तम आहे, प्रश्नच नाही, पण बेळगावहून पाचशे किलोमीटर. रात्रभर प्रवास करून भरकटलेल्या माणसाला रांगेत उभं करणं हे एक वेगळंच दुखणं होतं. मी दोनदा केलंय.

बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्सचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) जिल्हा रुग्णालय, तिथं मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून राज्य सरकारने निम्हान्सच्या साथीने मेंदू-आरोग्याचा एक कार्यक्रम सुरू केला, कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा, आणि जिल्हा रुग्णालयांत त्याची क्लिनिक उघडली. पाटी कन्नडमध्ये असते, 'मेदुळु' म्हणजे मेंदू, तेवढा शब्द वाचता आला तरी पुरे. पक्षाघात, फेफरं, डोकेदुखी आणि स्मृतिभ्रंश हे चार आजार त्यात येतात. नेहरूनगरला केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथं मेंदूचे डॉक्टर आहेत.

धारवाडला डिम्हान्स आहे, मानसिक आणि मेंदूच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटल. लोक अजून त्याला 'वेड्यांचं हॉस्पिटल' म्हणतात आणि म्हणूनच जात नाहीत. ब्रिटिश काळापासूनची जागा आहे, आता शिकवणारी संस्था आहे, आणि बेळगावहून दोन तासांच्या आत पोचता येतं. आमच्या चुलत्यांनी "लोक काय म्हणतील" म्हणून सहा महिने अडवलं. ते सहा महिने वडिलांचे गेले, लोकांचे नाही.

निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं. तिथं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, पलीकडं मिरज आहे. मराठीचा प्रश्नच येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, इकडच्या रेशन कार्डावरच्या योजना तिकडं चालतीलच असं नाही. आधी फोन करून विचारा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य म्हणून कार्यक्रम आहे, त्यात मानसोपचारतज्ज्ञ ठराविक मंगळवारी येतात. कुठला मंगळवार ते दवाखान्यात किंवा आशाताईंना विचारून जा. निदान झाल्यानंतर गोळ्या लिहून घ्यायला, झोपेचं-चिडचिडीचं बघायला दर वेळी शहरात धावायची गरज राहत नाही.

फोनवरही मदत आहे. टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत आणि भाषा निवडता येते. रात्री दोनला वडील मला चोर समजून काठी उगारत होते तेव्हा मी ह्याच नंबरला फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी आधी मलाच पाणी प्यायला सांगितलं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

वडगावची_शेजारीण

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, माहेर बैलहोंगल. लग्न होऊन वडगावात मराठी घरात आले त्याला तेवीस वर्षं झाली. लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या.

आमच्या ह्यांची आजी मूळची गोकाकच्या बाजूची. पंधराव्या वर्षी ह्या घरात आली आणि पासष्ट वर्षं मराठीच बोलली. ती कन्नड आहे हे नातवंडांना माहीतही नव्हतं. शेवटच्या तीन वर्षांत तिचं मराठी हळूहळू गळून गेलं. पाणी मागायची ते 'नीरु' म्हणून, आणि दिवसभर एकच वाक्य, "मनिगे होगोण." घरी जाऊया. सासूबाईंना वाटायचं ती काहीतरी बडबडते. डॉक्टरांनीही कागदावर "असंबद्ध बोलते" असं लिहिलं होतं. ती असंबद्ध नव्हतीच. ती तिच्या आईशी बोलत होती.

मी जवळ बसून कन्नडमधून विचारायची, घर कुठं आहे, दारात काय आहे. ती सांगायची, चिंचेचं झाड, दोन बैल, धाकटा भाऊ. तेवढं बोललं की शांत व्हायची, जेवायची. औषध तेच होतं, डॉक्टर तेच होते. फक्त तिच्या भाषेतला एक माणूस मिळाला.

तुमच्यात साठी बुद्धी नाठी म्हणतात, आमच्यात 'अरवत्तक्के अरळु मरळु'. अर्थ तोच. दोन्ही भाषांनी ह्या आजाराला वय म्हणून सोडून दिलंय, याचं मला फार वाईट वाटतं.

शहापूरच्या ताई, तुम्ही जवळच राहता. तुम्हाला कधी बाहेर जायचं असेल तर मी आप्पांजवळ तासभर बसू शकते. खरंच सांगते.

कॅम्पातला_फिजिशियन

शेजारीणताई, तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

दोन भाषांवरून एक सांगतो. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला, २०१३ ला तो प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली, आणि शाळेत कधीच न गेलेल्यांतही फरक दिसला. आपल्याकडं भाजीवालीपासून कंडक्टरपर्यंत सगळे दोन-दोन भाषांत जगतात. ही लस नाही, आजार होतोच. पण ज्या भाषांवरून आपण भांडलो त्या दोन्ही मेंदूला काहीतरी देऊन गेल्या असाव्यात, हे वाचल्यापासून मी घरात मुलांना कन्नड बोलायला आग्रह करतो.

२०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. कुणाच्या घरात हे असेल तर ते घर एकटं नाही.

शहापूरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. शेजारीणताई, तुमचं वाचून रडले.

एक अडचणीचा प्रश्न विचारते. घर आप्पांच्या नावावर आहे. नणंदा दोन. कुणी म्हणतं आत्ताच सह्या घेऊन ठेवा, कुणी म्हणतं मुखत्यारपत्र करा. मला पैशाच्या लोभाने विचारतेय असं वाटू देऊ नका, पण बँकेत सही जुळली नाही म्हणून मागच्या महिन्यात परत पाठवलं.

वेणुग्राम_वकील

ताई, हे विचारायलाच हवं आणि लवकर विचारायला हवं. लोभ वगैरे मनात आणू नका.

मुखत्यारपत्राबद्दल फार मोठा गैरसमज आहे. देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच ते चालतं. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणारा माणूस भान हरपलेला झाला की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ते हातात राहत नाही. त्यामुळे त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आप्पांना आज कळतंय का, ते ठरवणं डॉक्टरांचं काम. सुरुवातीच्या टप्प्यात पुष्कळ लोकांना आपली मालमत्ता काय, वारस कोण, आपण काय करतोय हे नीट कळतं. तसं असेल तर मृत्युपत्र करता येतं. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, साक्षीदार घरातले नकोत, आणि मजकूर मराठीत ठेवा, त्यांना स्वतः वाचता येईल असा. दोन्ही नणंदांना आधी सांगा. लपवून केलेला कागद पुढे कोर्टात जातो आणि नातीही जातात.

बँकेत आत्ताच जाऊन खातं दोघांच्या नावे, कुणीही एक चालवू शकेल असं करून घ्या. खात्यावर नॉमिनीची नोंद आहे का तेही तपासा.

आणि आप्पांना कळत नसेल तर कुणाच्याही सांगण्यावरून अंगठा घेऊ नका. तेव्हा रीतसर पालक नेमून घ्यावा लागतो, त्यासाठी हायकोर्टात अर्ज करतात, आपल्याला धारवाड खंडपीठ. वेळ लागतो पण रस्ता तोच. उलट बाजूही सांगतो. मुलांनी सांभाळायच्या अटीवर घर लिहून घेऊन आईबापांना वाऱ्यावर सोडलं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तो व्यवहार रद्द करता येतो. प्रांत साहेबांकडे अर्ज करायचा, त्याला वकीलही लागत नाही.

जांबोटी_वळण

वाट चुकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी आई मागच्या वर्षी खानापूर स्टँडवरून हरवली. बायकांना २०२३ पासून राज्यात साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, योजना चांगलीच आहे. पण आईच्या कनवटीला आधार कार्ड असायचं, तिने ते दाखवलं आणि ती बसली. तिकिटाला पैसे लागत असते आणि तिच्याकडे नसते, तर कंडक्टरने खाली उतरवून चौकशी केली असती. ती हुबळीला उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरच्या एका चहावाल्याने तिला विचारपूस करून बसवून ठेवलं आणि पोलिसांना कळवलं.

आम्ही संध्याकाळी चारपासून नुसतं गावातच शोधत होतो. तीच चूक. पहिल्या तासातच पोलिसांत जा, ११२ ला फोन करा, चोवीस तास थांबायचा नियम वगैरे काही नाही. आपण सीमेवर राहतो, तेव्हा चंदगड, शिनोळी, कोल्हापूर बाजूलाही कळवा. तिकडच्या पोलिसांना इकडची तक्रार आपोआप दिसेल असं धरून बसू नका. बस डेपो आणि रेल्वे स्टेशनला फोटो द्या. फोटो ताजा हवा, आमच्याकडं आईचा शेवटचा फोटो भाच्याच्या मुंजीतला होता.

आता आईच्या प्रत्येक झंपराच्या आत फोन नंबर शिवलाय, मराठी, कन्नड दोन्ही अक्षरांत. आप्पांच्या टोपीत शिवा. टोपी ते विसरणार नाहीत असं वाटतं.

शहापूरची_सून

दोन महिन्यांनी लिहितेय. मध्ये काहींनी विचारलं, उत्तर देता आलं नाही, माफ करा.

रक्तात बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं झाली. रात्रीची एक खाजेची गोळी आप्पा स्वतःच मेडिकलमधून आणून वर्षभर घेत होते, पिशवी उलटी केली तेव्हा सापडली. ती बंद झाली. कानाची तपासणी झाली, यंत्र बसवलं. पहिले आठ दिवस काढून फेकायचे, आता सकाळी स्वतः मागतात. (ज्यांना परवडत नाही त्यांनी वयोश्री योजनेच्या शिबिराची चौकशी करा, त्यात कानाचं यंत्र, काठी, चष्मा मिळतो.)

एवढं करून धारवाडला गेलो. कागद लिहून नेला होता, शाळा मराठी सातवी, काम जमाखर्च, सगळं. तिथल्या मानसशास्त्राच्या बाईंना मराठी येत होतं. त्यांनी आधी आप्पांना पावकी म्हणायला लावली. मग इंग्रजी शब्दाऐवजी वार उलटे म्हणायला सांगितले. राज्य विचारलं तेव्हा आप्पा पुन्हा "मुंबई" म्हणाले. बाईंनी शांतपणे विचारलं, "५६ साली तुम्ही कितवीत होता?" आप्पांनी शाळा सांगितली, मास्तर सांगितले, त्या दिवशी गल्लीत कोण रडत होतं ते सांगितलं. मी लग्न होऊन आल्यापासून हे कधी ऐकलं नव्हतं. मग बाईंनी विचारलं, "आणि आता?" आप्पा बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "आता कर्नाटक."

तीसपैकी एकोणीस.

आजार आहेच. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आणि अल्झायमरचा असा मिश्र आहे म्हणाले. गोळ्या चालू आहेत, त्यांनी बरं होत नाही, थोडा काळ सावरून धरतात हेही स्पष्ट सांगितलं. बीपी काटेकोर ठेवायला सांगितलं. मला वाटलं होतं हे ऐकून मी कोसळेन. पण नाव कळल्यावर ह्यांचा आप्पांवरचा आवाज चढायचा थांबला, तेच माझ्यासाठी फार मोठं आहे.

संध्याकाळच्या दुकानाचं काय करायचं ते बाईंनीच सुचवलं. अडवू नका, "दुकान बंद झालं, तुम्ही आता म्हातारे झालात" असं सांगत बसू नका, काम द्या. मी एक लाल कापडाची वही आणली. दिवे लागले की आप्पा टोपी घालून पाटावर बसतात आणि दिवसाचा खर्च लिहितात. मी सांगते, दूध, कोथिंबीर, गिरणी. वर तारीख नसते, तिथी असते. काल दूध दोनदा लिहिलं होतं. बेरीज मात्र बरोबर होती.

वेणुग्राम दादा, दोन्ही नणंदा आल्या होत्या, समोर बसूनच सगळं ठरलं. जांबोटीचे दादा, टोपीत नंबर शिवलाय.

वडगावची_शेजारीण

ताई, वाचून फार बरं वाटलं. माझं बोलणं मी विसरले नाही. शनिवारी येऊ का? तुम्ही बाजार करून या.

शहापूरची_सून

या ना. चारनंतर या, दुपारी झोपतात. कन्नडच बोला त्यांच्याशी, दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचे तसं. मी काल सहज "एष्टु?" (किती?) विचारलं तर पट्कन भाव सांगितला.